निरोगी प्रवाळ कसे ओळखावेत? राजा आंपातच्या पाण्यात

प्रवाळ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते झगझगीत रंग. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि मुलांच्या पुस्तकांत प्रवाळ नेहमी लाल, जांभळे, निळे असतात. त्यामुळे एखाद्या उत्तम प्रकृतीच्या प्रवाळ कट्ट्यावर पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात डोके घातले की अनेकांचा हिरमोड होतो. खाली बराचसा पसारा तपकिरी, खाकी, शेवाळी, मळकट पिवळा दिसतो. पण हा तपकिरी रंग हीच प्रकृती ठणठणीत असल्याची पहिली खूण आहे.

प्रवाळ हा प्राणी. जेलीफिशच्या गोतातला. एकेक जीव बहुतेक वेळा काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती बारीक शुंडके असलेला, आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधणारा. असे हजारो जीव एकमेकांना जोडून वाढतात, तेव्हा आपल्याला जे ‘झाड’ किंवा ‘दगड’ वाटते ते तयार होते. या जिवांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. कित्येक जातींच्या प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी घरबसल्या मिळते. तपकिरी छटा आहे ती या शैवालाची. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतात, त्यांचे अंग पारदर्शक होते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. काही जाती पांढऱ्या पडताना अंगातली स्वतःची रंगद्रव्ये वाढवतात, कारण ती उन्हापासून बचाव करतात. त्या काळात त्या कमालीच्या सुंदर निळ्या-जांभळ्या दिसतात. समाजमाध्यमांवर वाहवा मिळवणारे एखादे छायाचित्र प्रत्यक्षात मरणाच्या दारातल्या प्रवाळाचे असू शकते.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे तर आजही धडधाकट असलेला समुद्र हवा. ग्रेट बॅरियर रीफ आणि मालदीव ही नावे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. राजा आंपातचे नाव मराठी पर्यटकांच्या तोंडी क्वचितच येते. इंडोनेशिया म्हणजे बाली, असे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे, आणि बालीहून आणखी पूर्वेला, न्यू गिनी या अजस्र बेटाच्या पश्चिम टोकाशी पंधराशेहून अधिक लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत याचा पत्ता नसतो. वाइगेओ, बाटांटा, सालावाती आणि मिसूल ही त्यातली चार मोठी बेटे. एका बाईला सापडलेल्या अंड्यांतून चार राजे जन्मले आणि त्यांनी ही बेटे वाटून घेतली, अशी तिथली दंतकथा आहे. ‘राजा आंपात’ म्हणजे चार राजे.

आता या पाण्यातली श्रीमंती. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांच्या साडेपाचशेच्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. जगात ज्ञात असलेल्या अशा जातींपैकी सुमारे पंचाहत्तर टक्के. संपूर्ण कॅरिबियन समुद्रात हा आकडा शंभराच्याही आत आहे. प्रवाळांभोवतीच्या माशांच्या जाती चौदाशेच्या घरात जातात. २०१२ साली मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी क्री बेटाच्या टोकाशी एकाच बुडीत माशांच्या ३७४ जाती मोजल्या. एका माणसाने, एका दमात, एका जागी. आपल्या कोकणातल्या बाजारात वर्षभर हिंडून जेवढ्या जाती नजरेस पडतील, त्याच्या कितीतरी पट.

पण जातींची यादी म्हणजे आरोग्य नव्हे. एखाद्या कट्ट्याची तब्येत ओळखायला मत्स्यशास्त्राची पदवी लागत नाही. कशाकडे बघायचे ते ठाऊक असले की झाले.

सुरुवात कानांपासून करावी. पाण्यात डोके घालताच चहूबाजूंनी तडतड ऐकू येते, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. हा आवाज बोटभर लांबीच्या कोळंब्यांचा. त्यांची एक नांगी मोठी असते आणि ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. असे लाखो जीव फटींमध्ये बसलेले असतात. त्यात माशांचे गुरगुरणे, दातांनी खडक खरवडण्याचा आवाज मिसळतो. माशांची आणि प्रवाळांची उघड्या समुद्रात भरकटणारी पिल्ले या गोंगाटाच्या दिशेने येतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. मेलेला कट्टा तुलनेने शांत असतो, आणि शांत कट्ट्याकडे नवी पिल्ले कमी फिरकतात. म्हणजे एकदा घसरण सुरू झाली की ती स्वतःलाच ढकलत राहते.

मग पोपट मासा शोधावा. तो सापडणार नाही असे होतच नाही. हिरवा-निळा, गालांवर गुलाबी रेषा, आणि दात एकमेकांना चिकटून झालेली चोच. त्याचा पाठलाग न करता त्याच्याकडे पाच मिनिटे स्थिर राहून पाहा. तो खडकावर तोंड मारतो, करकर आवाज होतो आणि दगडावर पांढरा ओरखडा उमटतो. पुढे सरकतो, पुन्हा ओरखडा. थोड्या वेळाने शेपटीकडून पांढऱ्या भुकटीचा लोट सुटतो. ती वाळू असते. प्रवाळ खडकावरचे शेवाळ खाता खाता तो खडकही चावतो, घशातल्या दातांनी दळतो आणि वाळू करून टाकतो. डोक्यावर मोठे टेंगूळ असलेली त्याची थोराड जात एका वर्षात पाच टनांहून अधिक चुनखडी दळते असा अभ्यासकांचा हिशेब आहे. उष्णकटिबंधातल्या कित्येक पांढऱ्याशुभ्र पुळणी अशाच तयार झाल्या. महत्त्वाचे म्हणजे, त्याने खरवडून साफ केलेल्या जागीच प्रवाळाचे नवे पिल्लू रुजू शकते. पोपट मासे जाळ्यात गेले की शेवाळ माजते आणि प्रवाळांना जागा उरत नाही. कट्ट्यावर फिकट गुलाबी कवच चढलेले स्वच्छ दगड आणि त्यांवर नाण्याएवढे नवे प्रवाळ दिसले, तर समजावे की इथे उद्याची तरतूद चालू आहे. मोठ्या प्रवाळांपेक्षा मला हे छोटे ठिपके जास्त मोलाचे वाटतात.

थोरल्यांचे वयही अंदाजता येते. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा अधिक वाढू शकतात, पण गोल घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. तीन मीटर उंचीचा घुमट दिसला तर त्याची पायाभरणी बाळाजी विश्वनाथांच्या पेशवेपदाच्या आसपास झाली असे धरायला हरकत नाही. अशा जिवावर पाय देऊन कोणी मास्क नीट करताना दिसले की जीव तुटतो.

शेवटी मोठे मासे. गोब्रा, तांबोशीची मोठी जात, ट्रेव्हली, मोरी (शार्क). बाजारात ज्यांना भाव येतो ते मासे सर्वांत आधी संपतात, म्हणून ते दिसणे म्हणजे कोणीतरी त्यांना राखले आहे याचा पुरावा. राजा आंपातच्या सावांदारेक गावात धक्क्याच्या खाली, गुडघाभर ते छातीभर पाण्यातच हे चित्र पाहता येते. लाकडी खांबांच्या सावलीत चंदेरी बारीक माशांचा थवा, मध्येच एखादे कासव गवत खाताना, आणि थोडे पुढे तळाशी राक्षसी शिंपले, जांभळ्या-हिरव्या ओठांचे, माणसाची सावली पडताच दचकून आखडणारे. रात्री टॉर्च घेऊन अशाच उथळ पाण्यात गेले की कधी कधी कालाबिया भेटते. ही ठिपकेदार, हातभर लांबीची मोरी. पोहण्याचा कंटाळा असल्यागत ती आपल्या चार रुंद परांवर अंग उचलून खडकांतून चालत जाते, फटीत नाक घालून खेकडे शोधते. तिच्यापासून माणसाला काही धोका नाही. राजा आंपात परिसराखेरीज ही जात कुठे सापडत नाही.

ही समृद्धी इथेच का? एक कारण भूगोलाचे. पॅसिफिक महासागराचे पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून वाट काढत हिंदी महासागराकडे वाहते. सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर, असा हा प्रचंड ओघ आहे. राजा आंपात त्याच्या तोंडाशी आहे. वाइगेओ आणि बाटांटा यांच्यामधल्या डँपियर सामुद्रधुनीत पाणी जोरात घुसते, तळाचे गार आणि पोषक पाणी वर येते, प्लवकांना खाद्य मिळते आणि त्यांच्यावर पोसणारी सारी साखळी भरभरून वाढते. प्रवाळांची पिल्ले या प्रवाहाबरोबर दूरवर जातात, दुरून येतातही. इथल्या वेगवेगळ्या जागी पाण्याचे तापमान सुमारे १९ पासून ३६ अंशांपर्यंत नोंदले गेले आहे. अशा चढउतारांत पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या प्रवाळांना उष्णता थोडी अधिक सोसते, असे अभ्यासकांना वाटते. काही ठिकाणी तर खारफुटीच्या मुळांवर, झाडांच्या सावलीत प्रवाळ वाढलेले दिसतात. गढूळ चिखलाची खारफुटी पाहिलेल्या कोकणी माणसाला हे दृश्य अजबच वाटेल: स्वच्छ निळे पाणी, वर तिवराची पाने, खाली मुळांना बिलगलेले मऊ प्रवाळ.

प्रवाह इथे हजारो वर्षांपासून आहे. तरीही गेल्या शतकाच्या अखेरीस इथले बरेच कट्टे उद्ध्वस्त होत होते. बाहेरून आलेल्या बोटी सुरुंगाच्या स्फोटाने मासे मारायच्या. एका धमाक्यात खालचे शेकडो वर्षांचे बांधकाम चुरा व्हायचे. जिवंत मासे हाँगकाँगच्या हॉटेलांत पोचवण्यासाठी सायनाइडची फवारणी व्हायची. मोरीचे पर कापून धड पाण्यात टाकून देणारे तळ मिसूलच्या बेटांवर होते. भूगोलाने जे दिले, ते टिकवायला माणसांनाच उभे राहावे लागले.

पापुआतल्या, म्हणजे न्यू गिनीच्या इंडोनेशियन भागातल्या, गावांकडे ‘सासी’ ही जुनी रीत आहे. गावातल्या जाणत्यांनी समुद्राचा एखादा पट्टा ठरावीक काळासाठी बंद करायचा, प्रार्थनेने तो बंद झाल्याचे जाहीर करायचे, आणि मुदत संपेपर्यंत तिथली समुद्रकाकडी, शेवंड, शंख यांना कोणी हात लावायचा नाही. मुदतीनंतर मोजक्या दिवसांसाठी पट्टा खुला होतो, आणि तेव्हाही लहान आकाराचे जीव उचलायचे नसतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालणाऱ्या कोळ्यांना या रीतीमागचा विचार समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की सासीत पट्टा, मुदत आणि पाळतीची जबाबदारी गाव स्वतः ठरवते. मिसूलच्या पश्चिमेकडल्या कापातचोल गावात तर असा एक पट्टा गावच्या बायका सांभाळतात. सासी उघडली की त्या स्वतः बुडी मारून शेवंड आणि समुद्रकाकड्या काढतात आणि आलेला पैसा मुलांच्या शिक्षणाला, गावाच्या कामाला लावतात.

या रीतीच्या पायावर पुढची इमारत उभी राहिली. २००७च्या सुमारास सरकार, गावे आणि संवर्धन संस्था यांनी मिळून संरक्षित सागरी क्षेत्रांचे जाळे विणले. त्याआधी, २००५ साली, मिसूलच्या दक्षिणेला मोरीचे पर वाळवण्याचा तळ जिथे होता, त्याच बेटाच्या आसपासचा समुद्र एका पर्यटन निवासाच्या संस्थापकांनी गावकऱ्यांकडून भाडेकराराने घेतला आणि तिथे मासेमारी पूर्ण बंद केली. आज हे राखीव क्षेत्र १,२२० चौरस किलोमीटरचे आहे, आणि त्यावर गस्त घालणाऱ्यांत एकेकाळी मासेमारीवर जगणारे स्थानिक लोक आहेत. तिथल्या मोजणीत सहा वर्षांत माशांचे एकूण वजन सरासरी अडीचशे टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. समुद्राला उसंत दिली की तो किती भराभर सावरतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात नाही. मोरी आणि पाकटांच्या शिकारीवर राजा आंपातने बंदी घातली, आणि २०१४ साली इंडोनेशियाने मँटा पाकटांना देशभर संरक्षण दिले. आरबोरेक बेटाजवळ हे मँटा आपले अंग स्वच्छ करून घ्यायला येतात. चार मीटर पंखांचा प्राणी एका जागी तरंगत राहतो आणि बोटाएवढे मासे त्याच्या कल्ल्यांतले परजीवी टिपतात. पाहणाऱ्यांसाठी तळाशी दगडांची रेघ आखलेली आहे. तिच्या पलीकडे जायचे नाही.

संकटे संपलेली नाहीत. मार्च २०१७ मध्ये कॅलेडोनियन स्काय हे प्रवासी जहाज ओहोटीच्या वेळी क्रीजवळच्या कट्ट्यावर चढले आणि हजारो चौरस मीटर प्रवाळ चिरडले गेले. त्याहून मोठा धोका निकेलचा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना आणि स्टेनलेस स्टीलला निकेल लागते, आणि ते इथल्या काही बेटांच्या लाल मातीत आहे. डोंगर उघडा केला की पावसात माती वाहून येते, प्रवाळांवर बसते, त्यांची तोंडे बुजतात आणि शैवालाला ऊन मिळत नाही. जनक्षोभ झाल्यावर जून २०२५ मध्ये इंडोनेशिया सरकारने पाचपैकी चार खाणींचे परवाने रद्द केले. गाग बेटावरचा परवाना मात्र राहिला. आणि या सगळ्यांवर वाढते तापमान. २०२३ पासून सुरू झालेल्या जागतिक विरंजनाच्या लाटेत जगातल्या चार-पंचमांशाहून अधिक प्रवाळ क्षेत्राला घातक उष्णता सोसावी लागली. गार प्रवाहाचे वरदान कायमचे कवच ठरेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

जायचे कसे? मुंबईहून जकार्ता, तिथून विमानाने पापुआतले सोरोंग आणि सोरोंगच्या बंदरातून दोनेक तासांच्या लाँचने वाइगेओवरचे वाइसाई. तिथे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असते. भारतीयांना इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो. राजा आंपातमध्ये शिरताना पर्यटकांना शुल्क भरावे लागते. त्याचा उपयोग गस्त आणि संवर्धनासाठी होतो, तेव्हा त्यात घासाघीस करू नये. आलिशान निवास आणि बोटींचा मुक्काम यांचा खर्च फार आहे. त्यापेक्षा क्री, मान्सुआर, गाम, आरबोरेक या बेटांवर गावकऱ्यांनी चालवलेल्या साध्या घरांत राहावे. पाण्यावर खांबांवर उभी झावळ्यांची खोली, बादली-तांब्याने अंघोळ, वीज अनेक ठिकाणी फक्त संध्याकाळी. जेवणात भात, मासे, भाजी. शाकाहारी मंडळींनी आधी कळवावे आणि चार-दोन तिखटामिठाच्या पुड्या बरोबर ठेवाव्यात. रोख रक्कम सोरोंगमध्येच काढून घ्यावी. पापुआत मलेरिया आहे, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना भेटावे. ऑक्टोबर ते एप्रिल समुद्र बराचसा शांत असतो. बाकीच्या महिन्यांत दक्षिणेकडून वारा सुटतो आणि मिसूलकडे जाणे अवघड होते.

स्कूबा येत नसले तरी काही बिघडत नाही. धक्क्यापासून शंभर पावलांवर, नुसत्या मास्क आणि नळीने इथे जे दिसते, ते जगात अनेक ठिकाणी वीस मीटर खाली जाऊनही दिसत नाही. पण निघण्याआधी पोहायला शिका. जॅकेटवर तरंगणारा, घाबरलेला माणूस पाय टेकायला जागा शोधतो आणि ती जागा प्रवाळाची असते. प्रवाह जोरदार आहेत, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय पाण्यात उतरू नये. अंगाला क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा; उन्हापासून बचाव होतो आणि क्रीममधली प्रवाळांना घातक रसायने पाण्यात जात नाहीत.

आपल्याकडचे प्रवाळही या नजरेने पाहण्याजोगे आहेत. लक्षद्वीपमध्ये १९९८ ते २०२२ या चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्याही खाली आल्याचे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून दिसले. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळ पठार आहे. त्याला संरक्षण मिळावे ही मागणी अनेक वर्षांची आहे. आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपली शेकडो माणसे रोज पाण्यात उतरतात. तिथे उतराल तेव्हा मासे जमवण्यासाठी कोणी पाव किंवा बिस्किटांचा चुरा टाकू लागला तर त्याला थांबवा. माणसाने फेकलेला चुरा खायला शिकलेला मासा खडकावरचे शेवाळ खाण्याचे आपले काम सोडतो. फोटोसाठी खडकावर उभे राहायला सांगितले तर नकार द्या. होडीवाल्याला नांगर वाळूत टाकायला सांगा, आणि त्यासाठी चार पैसे जास्त मागितले तर आनंदाने द्या.